आमच्या लेआउटची वीजबचत : जानेवारी ते जुलै २०२४च्या कामाच्या नोंदी

नागपूरच्या मानेवाडा भागातल्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, साठेक घरं आहेत. बहुतेक ठिकाणी खाली मालक, वर भाडेकरू. दुसऱ्या लेआउटमध्ये कोणी हे काम हाती घेतलं तर त्यांचा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून या नोंदी ठेवल्या. काम करणारे आम्ही असे: महिला बचत गटातल्या चौघी, निवृत्त वायरमन काकाजी, आयटीआयला शिकणारी गल्लीतली दोन मुलं आणि मी.

१४ जानेवारी, रविवार

मंदिराच्या ओट्यावर पहिली बैठक. ठरलं ते एवढंच की मे महिन्याचं बिल हाताबाहेर जाऊ द्यायचं नाही, आणि त्यासाठी घरोघरी काय करता येईल ते ऊन तापायच्या आत शोधायचं. सोलरचा विषय निघाला. तो बाजूला ठेवला. भाडेकरूंना आणि ज्यांच्या गच्चीवर भावाभावांचा वाटा आहे त्यांना ते लगेच जमणारं नाही, आणि आम्हाला सगळ्या घरांना जमेल असं काम हवं होतं.

खरेदी: प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर ८५० रुपये, एक जाड रजिस्टर.

२८ जानेवारी, रविवार

संक्रांतीचं हळदीकुंकू. वाण म्हणून अर्ध्या वॅटचा एलईडी नाइट बल्ब द्यायचं ठरवलं. इतवारीच्या बाजारातून ठोक भावाने ६० बल्ब, प्रत्येकी ३२ रुपये, एकूण १,९२० रुपये.

जवळजवळ प्रत्येक देवघरात झिरोचा लाल बल्ब दिवसरात्र जळतो, आणि तो बिलात येतच नाही अशी सगळ्यांची खात्री. तो वॅटमीटरवर लावला. १४ वॅट. दिवसरात्र जळला तर महिन्याला १० युनिट. ज्यांचं हिवाळ्यातलं बिल शंभर युनिटच्या आसपास असतं त्या घरासाठी हा आकडा मोठा आहे, कारण शंभरच्या वर गेलेल्या प्रत्येक युनिटला जवळपास दुप्पट दर लागतो. हे सांगितल्यावर बायका वाण बाजूला ठेवून मीटरभोवती जमल्या.

मग नवा बल्ब लावला आणि मीटरने शून्य दाखवलं. "हा तं बंदच आहे, काहीच नाही दाखवून राहिला," असं एका काकूंनी म्हणताच सगळी मेहनत पाण्यात जायची वेळ आली. असले स्वस्त वॅटमीटर एक-दोन वॅटच्या खालचं धड मोजत नाहीत. गल्लीतल्या मंडप डेकोरेशनवाल्यांकडून होल्डरची पट्टी मागून आणली, दहा बल्ब एकदम लावले. पाच-सहा वॅट दिसले. दहा मिळून जुन्या एकाच्या निम्मेही नाहीत, हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं. तुम्ही करणार असाल तर ही पट्टी आधीच जवळ ठेवा.

४ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी फेरी मारली तेव्हा निम्म्या देवघरांत जुनाच बल्ब. काहींनी नवा बल्ब जपून ठेवला होता, काहींनी पुढच्या घरच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून दिलाही. मग नियम केला: बल्ब हातात द्यायचा नाही. मुलांनी घरी जाऊन बदलायचा आणि जुना घेऊन यायचा. काकाजींनी जुने बल्ब खोक्यात भरून ओट्याजवळ ठेवले. खोकं भरत गेलं तसं न बदललेल्या घरांतून निरोप येऊ लागले.

११ फेब्रुवारी, रविवार

पत्रकं फुकट गेली. दोन्ही बाजूंनी छापलेली, ‘वीज वाचवा’च्या दहा सूचना, छपाई १,२०० रुपये. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात पुड्या बांधायला दिसली.

बिलं गोळा करण्याचंही असंच झालं. आम्ही वर्षभराची बिलं मागत होतो, म्हणजे आधीचा वापर कळावा. पण ‘आज रात्री तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा’ असे फसवे मेसेज इथे बऱ्याच जणांना आलेले, एका आजोबांचे त्यात पैसेही गेलेले. बिल आणि ग्राहक क्रमांक मागणाऱ्या माणसाला कोण दारात उभं करील? वर निवडणूक जवळ आलेली. "कोन्या पक्षाकडून आले?" हा प्रश्न तर दर दुसऱ्या घरी.

नवा नियम: ग्राहक क्रमांक कधीही मागायचा नाही, फोटो काढायचा नाही. ज्यांना वाटेल त्यांनी बिलावरच्या मागील वीजवापराच्या तक्त्यातले युनिटचे आकडे स्वतः वाचून दाखवावेत, आम्ही लिहून घेऊ. सोबत रीडिंगच्या तारखा. बिल कधी २९ दिवसांचं असतं, कधी ३४, त्यामुळे महिन्याचे युनिट नुसते शेजारी मांडले तर फसायला होतं. दिवसाला किती पडले ते काढायचं.

२४ फेब्रुवारी, शनिवार, माघ पौर्णिमा

नागपुरात महापालिका आणि ग्रीन व्हिजिल फाउंडेशन ही पर्यावरण संस्था पौर्णिमा दिवस पाळतात, रात्री ८ ते ९ गरज नसलेले दिवे बंद. आम्हीही पाळला. एलईडीच्या जमान्यात तासभराच्या अंधाराने युनिट फारसे वाचत नाहीत हे मला ठाऊक आहे. तरी मी तो दर महिन्याला पाळायच्या बाजूची आहे, कारण त्या तासात टीव्ही सोडून माणसं बाहेर आली, आणि आम्हाला घरोघर हिंडायची गरज उरली नाही.

तो तास मीटर वाचायला वापरला. घराच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, त्याच्याजवळ बहुधा ३२०० हा आकडा छापलेला असतो. म्हणजे ३२०० लुकलुका झाल्या की एक युनिट. घरात हवी ती एकच वस्तू चालू ठेवायची, दहा लुकलुकांना किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजायचं आणि ११,२५० ला त्या सेकंदांनी भागायचं. उत्तर वॅटमध्ये. मीटरवर १६०० असेल तर २२,५०० ला भागायचं. पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही, आठवीच्या मुलाला जमतं.

अडलेल्या गोष्टी दोन. मुलं पहिली लुकलुक ‘एक’ म्हणून मोजत होती, त्यामुळे मधली अंतरं नऊच धरली जात आणि उत्तर जास्त येई. पहिलीला ‘शून्य’ म्हणायचं. आणि घरात काहीच चालू नसेल तर काही मीटरचा दिवा विझत नाही, स्थिर जळत राहतो. त्याने लोक घाबरतात.

जुना छताचा पंखा: दहा लुकलुकांना १५० सेकंद, म्हणजे ७५ वॅट. सेट-टॉप बॉक्स, टीव्ही बंद असताना: एकेका लुकलुकीला दोन मिनिटांच्या जवळ, म्हणजे १० वॅट, महिन्याला सात युनिट. हे ऐकून पाच घरांनी रात्री भिंतीवरचं बटण बंद करायला सुरुवात केली. आम्ही सुचवलंही नव्हतं.

एका घरी खालची सगळी बटणं बंद केली तरी दिवा जोरात लुकलुकत होता. वरच्या मजल्यावर पूर्वी मुलगा राहायचा, तेव्हा एक लाइन खालच्या मीटरवरून वर नेलेली. आता वर भाडेकरू, आणि त्यांचा फ्रिज इतकी वर्षं मालकांच्या मीटरवर. दोन्हीकडच्यांना कल्पना नव्हती. पण हे बाहेर आलं ते दहा माणसांसमोर, आणि भाडेकरू ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. काकाजींनी दुसऱ्याच दिवशी लाइन बदलून दिली. सगळं बंद करून पाहायची चाचणी यापुढे गर्दीत करायची नाही. मालक, भाडेकरू आणि वायरमन, एवढेच.

१० मार्च, रविवार

आकडे दिलेल्या घरांची यादी ओट्याजवळ लावली होती, प्लॉट नंबरासमोर दिवसाचे युनिट. आठ दिवसांत काढली.

नाव नसलं तरी प्लॉट नंबर सगळ्यांना पाठ असतो. ज्यांचा आकडा मोठा होता त्यांच्यात एक घर असं की तिथे अंथरुणाला खिळलेल्या आजी आहेत, ऑक्सिजनचं मशीन चालतं. त्या घराकडे बोट दाखवलं जाणं मला अजिबात सहन झालं नाही. आणि यादीत सर्वांत खाली असलेल्या घरातून निरोप आला, "आमचं तं सगळ्यात कमी आहे, मंग आता गिझर लावाले हरकत नाही." पुढच्या आठवड्यात त्यांचे युनिट वाढले. असंच कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोसमध्ये झालं होतं. तिथल्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सरासरी कळल्यावर कमी वापरणारी घरं वर सरकली, आणि आकड्याशेजारी नुसता हसरा चेहरा काढल्यावर ते थांबलं.

आता ज्याचा आकडा त्यालाच सांगतो. सोबत त्याच घराचा गेल्या वर्षीचा याच महिन्याचा आकडा. कमी वापरणाऱ्यांच्या पानावर मुलं हिरवी टिकली लावतात. काकू लोकांना ती टिकली फार आवडते, रजिस्टर उघडलं की आधी तीच पाहतात.

३१ मार्च, रविवार

आजपासून कामाची दिशा बदलली. ही नोंद मोठी आहे, कारण जे काही साधलं ते इथून.

होळी झाली की नागपुरात कूलर खाली उतरतात. आमच्या मागच्या गल्लीत एका ताईंना कूलरमध्ये पाणी भरताना करंट बसला. हात झटकला गेला म्हणून निभावलं. पत्र्याचे कूलर, आत पाणी, खाली ओली फरशी आणि अनवाणी पाय: या शहरात उन्हाळ्यात अशी बातमी येते, आणि प्रत्येक आई पोरांना कूलरपासून लांब ठेवते. त्या संध्याकाळी काकाजी टेस्टर घेऊन त्यांच्याकडे गेले, आणि रात्री उशिरापर्यंत लोक त्यांना बोलवत राहिले. "काकाजी, आमचाही पाहून द्या ना."

जी दारं बिल मागितल्यावर लागली होती ती सगळी उघडली. आम्ही तेव्हाच ठरवलं की बचतीबद्दल बोलायचं नाही. कूलर सुरक्षित करून द्यायचा, आणि तो उघडाच आहे तर नीटही करून द्यायचा.

तपासणी अशी. नुसत्या टेस्टरवर विसंबायचं नाही. अर्थिंग नसलेल्या कूलरच्या पत्र्यावर टेस्टर मिणमिणतोच, गळती नसली तरी. पहिल्या संध्याकाळी त्यामुळे नको तितकी घबराट झाली. काकाजी टेस्ट लॅम्प वापरतात: होल्डरमधला साधा पिवळा बल्ब आणि दोन वायरी. पत्रा आणि न्यूट्रल यांच्यामध्ये तो पेटला तर करंट खरा. हे काम वायरमनचंच, मुलांना आम्ही हात लावू दिला नाही.

खरी गळती सापडली त्या कूलरांत कारणं फिरून फिरून तीच. पंपाची वायर टाकीच्या धारदार काठावर घासून सोललेली. टेप गुंडाळलेला जोड टाकीच्या आत, पाण्याच्या शिंतोड्यात. मोटरीचं वाइंडिंग ओलं. थ्री-पिनचा अर्थिंगचा पाय कापून टू-पिनच्या बोर्डात घातलेला. गेल्या वर्षी कूलर ओलाच सज्ज्यावर टाकून दिला हे बहुतेकांच्या मुळाशी.

दुरुस्तीचा खर्च घरागणिक: नवा पंप ३०० रुपयांच्या आसपास, तीन तारांची वायर आणि थ्री-पिन टॉप मिळून दीडशे-दोनशे. जोड टाकीच्या बाहेर, वरच्या बाजूला घेतला. काही घरांत भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगचं भोक होतं, आत तारच नव्हती. अशांना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवायचा आग्रह धरला. तो दीड हजाराच्या घरात जातो, सगळ्यांनी नाही बसवला. आणि एक फुकटचा उपाय: अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात सुकतो, कोळसा-मिठाला ओल लागते. आठवड्याला बादलीभर पाणी ओतायचं.

पाणी भरताना प्लग काढायचा. बटण बंद करणं पुरेसं नाही. हे प्रत्येक घरी घरातल्या सर्वांत लहान मुलाकडून वदवून घेतलं.

११ एप्रिल, गुरुवार

अवकाळी ढग, हवा दमट. दमट हवेत कूलर फारसं काही करू शकत नाही, त्यामुळे तपासणी थांबवली. १९ तारखेला मतदान आहे, तोवर घरोघर फिरणंही थांबवलं. वेळ गेला, पण या दिवसांत दार वाजवलं की माणसं वेगळाच अर्थ काढतात.

२८ एप्रिल, रविवार

ऊन पुन्हा तापलं. कूलरची दुसरी फेरी, आता गारव्यासाठी.

करंटच्या वेळी उघडलेल्या कूलरांत दिसलं होतं की वुडवुलचे, म्हणजे लाकडाच्या बारीक काथ्याचे, पॅड क्षाराने दगडासारखे झालेत आणि पाण्याच्या नळीची निम्मी भोकं बुजलीत. वारा कोरडाच येतो. मग माणूस पंखा फुल करतो, तरी गार होत नाही, आणि ज्यांच्याकडे एसी आहे ते एसी लावतात. दीड टनाचा एसी आमच्या मोजणीत दीड हजार वॅटच्या आसपास, पत्र्याचा कूलर फुलवर १९० वॅट. एसीच्या एका तासात कूलर सात-आठ तास चालतो. त्यामुळे कूलर कमी चालवा असं आम्ही कोणालाही म्हणालो नाही, आणि कोणी म्हणूही नये. नागपूरच्या मे महिन्यात तो माणसाला लागतोच.

नळीची भोकं सायकलच्या तारेने मोकळी केली. पॅड एकत्र आणले: तीन बाजूंचा वुडवुलचा संच दोनशेच्या आसपास पडला. दोघांनी पोळ्यासारख्या जाळीचा हनीकोम्ब पॅड घेतला, तो पाचपट महाग, पण तीन-चार उन्हाळे जातो. मोटरीला तेल. ज्यांचा पंखा मरगळल्यासारखा फिरत होता त्यांचा कपॅसिटर बदलला, साठ-सत्तर रुपयांत वारा परत आला. त्यातल्या एकांनी नवा कूलर घ्यायची तयारी केली होती.

तरीही तीन घरांत खोली गार होईना. कूलर उत्तम, थर्मामीटर त्याच्या तोंडाशी २९ अंश दाखवतो, बाहेर ४३, आणि खोलीत चिकचिक. कारण गारवा बाहेर जाईल म्हणून सगळ्या खिडक्या बंद. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, त्या हवेला दुसऱ्या बाजूने निघायला वाट हवी, नाहीतर खोलीत दमटपणा साठत जातो. समोरची खिडकी वीतभर उघडली आणि वीस मिनिटांत फरक कळला. हे समजावून पटत नाही. आजी लोक तर ऐकतच नाहीत. खिडकीच्या फटीत कागदाची पट्टी धरून ती बाहेरच्या बाजूला फडफडताना दाखवली, मग पटलं.

१२ मे, रविवार

गच्चीला चुना. सर्वांत वरच्या मजल्यावरचे भाडेकरू रात्री दोनपर्यंत झोपू शकत नाहीत, स्लॅब तापलेला असतो. दोन घरांनी होकार दिला.

पहिल्या घरी काम बिघडलं. संध्याकाळी गरम स्लॅबवर, नुसता झाडून घेतलेल्या धुळीवर चुना मारला. पाणी लगेच उडालं आणि सकाळी पांढरी भुकटी पायाला लागून घरात आली. पुन्हा केलं ते असं: आदल्या दिवशी गच्ची घासून धुतली, चुना रात्रभर भिजवून कापडातून गाळला, त्यात फेविकॉल घातला, पहाटे साडेपाचला ओलसर स्लॅबवर पातळ हात, वाळल्यावर दुसऱ्या पहाटे आडवा हात. सहाशे चौरस फुटांना साहित्य १,४०० रुपये, मजुरी आपली. दुपारी चारला त्या खोलीत आणि शेजारच्या बिनचुन्याच्या खोलीत तीन अंशांचा फरक.

बाकीच्या घरांनी नाही म्हटलं, आणि त्यांचं कारण बरोबर होतं. गच्चीवर कुरड्या, पापड, सांडगे वाळत होते. चुन्याच्या गच्चीवर वाळवण कसं घालणार? पुढच्या वर्षी फेब्रुवारीतच करायचं, वाळवणाच्या आत.

१९ मे, रविवार

पंख्यांची एकत्र खरेदी. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरीचा, ३० वॅटवर चालतो, जुना ७५ वर. दिवसाला १६ तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला २१ युनिट वाचतात. दराच्या दुसऱ्या टप्प्यातल्या, म्हणजे शंभर ते तीनशे युनिटच्या घराला ते अडीचशे रुपयांच्या आसपास. ठोक खरेदीत पंखा २,७०० रुपयांना मिळाला. अकरा पंखे घेतले.

बसवताना अडचण आली ती रेग्युलेटरची. बीएलडीसी पंख्याचा वेग रिमोटने बदलतो, भिंतीवरचा रेग्युलेटर वायरीतून काढून टाकावा लागतो. दोन घरांत तो तसाच ठेवला गेला आणि पंखे मध्येच बंद पडू लागले. दुकानदार पंखा खराब आहे म्हणून बदलून द्यायला निघाला होता. काकाजींनी रेग्युलेटर काढला, पंखे सुरळीत.

भाडेकरूंचा प्रश्न मोठा. पंखा मालकाचा, बिल भाडेकरूचं. मालक म्हणतो मी का खर्च करू, भाडेकरू म्हणतो मी उद्या खोली सोडली तर. बचत गटातल्या एका ताईंनी एका मालकांसमोर त्यांचंच बिल मांडलं. वर-खाली मिळून ३४० युनिट, मीटर एकच. भाडेकरूकडून ते सबमीटरवर, म्हणजे त्याच्यापुरत्या लावलेल्या छोट्या मीटरवर, युनिटला दहा रुपये घेतात, पण तीनशेच्या वरच्या युनिटला त्यांना स्वतःला त्याहून बरेच जास्त भरावे लागतात. म्हणजे भाडेकरूचे वीस युनिट वाचले तर फायदा मालकाचा. मालकांनी निम्मे पैसे दिले. ही गोष्ट दुसऱ्या दोन घरांतही चालली. ज्यांचं एकत्र बिल तीनशेच्या खाली आहे तिथे चालत नाही, तिथे अजून उपाय सापडलेला नाही.

२ जून, रविवार

३० मे रोजी शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश नोंदले गेले. हवामान खात्याने तो सेन्सरचा बिघाड असल्याचं सांगितलं, पण तोवर आकडा प्रत्येक मोबाइलवर पोचला होता. खरं तापमानही जीव घेणारंच होतं. रात्री दोनदा लाइन गेली.

या आठवड्यात बचतीचा शब्द काढला नाही. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांची यादी केली, ज्यांच्याकडे कूलर चांगला चालतो अशा तीन घरांच्या पुढच्या खोल्यांत दुपारी १२ ते ५ त्यांना बसवलं. सतरंज्या, माठ, कैरीचं पन्हं. बऱ्याच घरांचे कूलर बंद राहून तीनच चालले हे खरं, पण ते आमच्या ध्यानात नव्हतं. आजोबांचं बीपी ठीक राहतंय का, एवढंच पाहत होतो. पुढच्या वर्षी हे एप्रिलपासून करायचं आहे.

स्मार्ट मीटरवरूनही शहरात विरोध चालू आहे. नव्या भाडेकरूंनी मुलांना मीटरजवळ लुकलुका मोजताना पाहिलं आणि आरडाओरड केली. शेजारच्या काकू धावत आल्या, "अहो, आपलेच पोट्टे होत, कूलर पाहून देतात." जानेवारीत असं म्हणायला कोणी नव्हतं.

१४ जुलै, रविवार

एप्रिल-मेची बिलं वाचून दाखवायला २४ घरं आली. दिवसाच्या युनिटांत गेल्या वर्षीपेक्षा १५ घरं खाली, पाच तिथेच, चार वर. वरच्या चारांपैकी दोन घरी नवा एसी, एका घरी बाळ. सर्वांत जास्त उतरली ती घरं जिथे एसी होता आणि कूलर नीट झाला. त्याखालोखाल पंखे बदललेली. झिरोच्या बल्बचं मोजता येईल असं उन्हाळ्याच्या बिलात काही दिसत नाही, तो फरक हिवाळ्यात कळेल. एप्रिलमधल्या ढगाळ दिवसांचाही यात वाटा आहे, त्यामुळे सगळं श्रेय आम्ही घेत नाही.

गटाचा खर्च: वॅटमीटर ८५०, बल्ब १,९२०, पत्रकं १,२००, टेस्ट लॅम्प, तेल, टेप वगैरे ४००. पॅड, पंप आणि पंखे ज्याचे त्याने घेतले. चुन्याचे पैसे मालक आणि भाडेकरूंनी वाटून दिले. पत्रकांचे १,२०० सोडले तर एकही रुपया मला जड वाटत नाही. त्या पैशांत दोन घरांच्या कूलरची वायर आणि पंप झाला असता.

या आठवड्यात कूलर आवरायचं काम. पाऊस लागला, टाकीत पाणी राहिलं तर डेंग्यूचे डास. टाकी रिकामी करून पुसायची, उन्हाची उघडीप मिळेल तेव्हा एक दिवस उघडी ठेवायची. वुडवुल फेकायचं. पंप काढून कोरडा करून पिशवीत, कूलरच्याच आत बांधायचा. मोटरीवर प्लास्टिक. वायरीचं शेवटचं टोक वर बांधायचं, जमिनीवर लोळू द्यायचं नाही, उंदीर कुरतडतात. प्रत्येक कूलरवर खडूने तारीख आणि काय दुरुस्त करायचं राहिलं ते लिहितोय. चौदा कूलरांना अर्थिंगची तार अजून नाही. त्यांची यादी काकाजींकडे आहे, आणि दिवाळीच्या आधी ती संपवायची आहे.